नतप्रतलावरील प्रेरणा

क्षितिजसमांतर पातळीशी काही लघुकोन करून असलेल्या सपाट पृष्ठास नतप्रतल म्हणतात. व्यवहारात त्यालाच उतरण असे नाव आहे. ट्रकमध्ये पिंप चढविण्यासाठी लावलेली फळी, घाटातील रस्ता, कौलारू छपराची बाजू, खळ्यातील धान्याच्या राशीचा उतार व डोंगराचा कडेपठारापर्यंतचा चढ ही सर्व यामिकीच्या दृष्टीने कमीअधिक प्रमाणात नतप्रतलेच होत. अशा पृष्ठावर ठेवलेली वस्तू जागीच राहील की घसरेल, घसरल्यास तिचा प्रवेग किती असेल, ती वर चढविण्यास किती जोर लागेल आणि ती घसरण्याऐवजी कलंडेल काय, हे सर्व प्रश्न अखेरीस एकाच प्रश्नावर येऊन ठेपतात : त्या वस्तूवर नेमक्या कोणत्या प्रेरणा कार्य करीत आहेत? यानंतरचे गणित सोपे आहे. प्रेरणा ओळखण्यात चूक झाली, तर मात्र बिनचूक गणितही चुकीचेच उत्तर देते. (ज्या राशीस येथे प्रेरणा म्हटले आहे तिला शालेय पुस्तकांत ‘बल’ म्हणतात.)

प्रेरणा ओळखण्याची रीत : प्रेरणा ही नेहमी एका वस्तूने दुसऱ्या वस्तूवर केलेली क्रिया असते. त्यामुळे कोणत्याही प्रेरणेविषयी ‘ही कोण लावतो व कोणावर लावतो’ असे विचारता आले पाहिजे. या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती प्रेरणा अस्तित्वातच नाही असे समजावे. ही कसोटी दिसावयास साधी असली, तरी नतप्रतलाच्या प्रश्नांत होणाऱ्या बहुतेक चुका तिच्यामुळे टळतात.

विचाराधीन वस्तू, समजा लाकडाची एक पेटी, मनाने तिच्या परिसरापासून सोडवून घ्यावी आणि एकटीच कागदावर काढावी. अशा चित्रास मुक्त वस्तूची आकृती म्हणतात. प्रथम स्पर्शाशिवाय कार्य करणाऱ्या प्रेरणा घ्याव्यात. नेहमीच्या व्यवहारात अशी एकच प्रेरणा असते : पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण, म्हणजेच पेटीचे वजन. ते पेटीच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली, पृथ्वीच्या मध्याकडे कार्य करते. फळी कितीही कलती असली, तरी वजनाची दिशा बदलत नाही. नंतर पेटीच्या कडेकडेने मनाने फेरी मारावी व तिला कोण कोण स्पर्श करीत आहे ते पाहावे. फळीचा स्पर्श आहे, दोर बांधला असल्यास त्याचा स्पर्श आहे, कोणी हाताने ढकलत असल्यास त्याचा आहे, आणि हवेचाही आहे. प्रत्येक स्पर्शाच्या ठिकाणी एक प्रेरणा असू शकते व स्पर्श नसेल तेथे (गुरुत्वाकर्षण वगळता) ती असू शकत नाही. मंद गतीच्या जड वस्तूंच्या बाबतीत हवेची प्रेरणा नगण्य धरली जाते.

फळी पेटीवर जी प्रेरणा लावते ती वास्तविक एकच असते. तथापि सोयीसाठी तिचे दोन भाग करतात. फळीच्या पृष्ठाला काटकोनात असलेल्या भागास लंब प्रतिक्रिया व पृष्ठाला समांतर असलेल्या भागास घर्षण म्हणतात [→ घर्षण]. पृष्ठ पूर्णपणे गुळगुळीत मानले, तर केवळ लंब प्रतिक्रियाच उरते. पेटीचे तळ व फळी यांच्यातील रेणू एकमेकांच्या फार जवळ येताच जे प्रतिकर्षण उत्पन्न होते, त्याचा एकत्रित परिणाम म्हणजे लंब प्रतिक्रिया होय. पेटीच्या भाराने फळी किंचित दबते आणि ती जितकी अधिक दाबली जाईल तितकी तिची प्रतिक्रिया वाढते. म्हणून लंब प्रतिक्रियेचे मूल्य आधीपासून ठरलेले नसते. पेटीने फळीत शिरू नये यासाठी जेवढे आवश्यक असेल तेवढेच ते होते.

वजनाचे घटक : पेटीची गती फळीच्या दिशेनेच होऊ शकते, म्हणून फळीला समांतर व फळीला लंब असे दोन अक्ष घेणे सोयीचे असते. वजन भ व फळीचा क्षितिजाशी कोन क असेल, तर वजनाचा उताराच्या दिशेने खाली येणारा घटक भ × ज्या क व फळीत दाबणारा घटक भ × कोज्या क असतो. कोणता घटक ज्या व कोणता कोज्या याविषयी शंका आल्यास टोकाच्या स्थिती पाहाव्यात. फळी आडवी केली की क शून्य होतो. तेव्हा वस्तूस घसरविणारे काहीच उरत नाही, आणि शून्य अंशाची ज्याही शून्य असते. फळी उभी केली की सर्व वजन खाली ओढते व दाबणारा घटक नाहीसा होतो. पाठांतरापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वसनीय आहे.

पेटी फळीत शिरत नाही व फळीवरून उडतही नाही, म्हणून लंब दिशेतील प्रेरणा एकमेकींना तोलून धरतात. दुसरी कोणतीही प्रेरणा नसताना लंब प्रतिक्रिया भ × कोज्या क एवढी येते, म्हणजे ती वजनापेक्षा कमी असते. मात्र हे सूत्र सार्वत्रिक नाही. पेटीला फळीत दाबणारी एखादी प्रेरणा जोडली की लंब प्रतिक्रिया वाढते, उचलून धरणारी प्रेरणा जोडली की घटते. फळी स्वतःच प्रवेगित असेल, तर सूत्र पूर्णपणे बदलते. उदा., गुळगुळीत उतरण असलेली पाचर आडव्या दिशेत योग्य प्रवेगाने ढकलीत राहिल्यास तिच्यावरील ठोकळा मुळीच घसरत नाही. त्या वेळी लंब प्रतिक्रिया भ ÷ कोज्या क, म्हणजे वजनापेक्षा जास्त असते.

घर्षण : नतप्रतलाच्या प्रश्नात सर्वांत फसवी प्रेरणा घर्षणाची होय. वस्तू स्थिर असताना कार्य करणारे स्थितिक घर्षण हे लंब प्रतिक्रियेप्रमाणेच गरजेपुरते असते. पेटी घसरू नये यासाठी जेवढे लागेल तेवढेच, परंतु एका मर्यादेपर्यंतच. ही कमाल मर्यादा स्थितिक घर्षण गुणांक व लंब प्रतिक्रिया यांच्या गुणाकाराएवढी असते. वस्तू घसरू लागल्यावर गतिक घर्षण कार्य करते. ते गतिक घर्षण गुणांक व लंब प्रतिक्रिया यांच्या गुणाकाराएवढे असून सामान्यतः कमाल स्थितिक घर्षणापेक्षा कमी असते. घर्षण लंब प्रतिक्रियेच्या प्रमाणात असते हा नियम फ्रान्समध्ये गीयोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडला व शार्ल कुलंब यांनी १७८१ च्या आपल्या निबंधात विस्तृत प्रयोगांनी तो पक्का केला. स्थितिक व गतिक घर्षण यांतील भेद लेओनार्ट ऑयलर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट केला, आणि तोही नतप्रतलावरून घसरणाऱ्या वस्तूचाच विचार करून.

१० किग्रॅ. वस्तुमानाची पेटी ३०° च्या फळीवर ठेवली आहे असे समजू. गुरुत्वीय प्रवेग ९·८ मी./से.² धरल्यास पेटीचे वजन ९८ न्यूटन होते. त्याचा उताराच्या दिशेतील घटक ४९ न्यूटन व लंब घटक ८४·९ न्यूटन येतो. म्हणून लंब प्रतिक्रियाही ८४·९ न्यूटन. स्थितिक घर्षण गुणांक ०·६ व गतिक ०·४ असल्यास कमाल स्थितिक घर्षण ५०·९ न्यूटन असू शकते. ४९ ही संख्या त्याहून कमी असल्याने पेटी जागीच राहते. या वेळी घर्षण ५०·९ न्यूटन नसून ४९ न्यूटनच असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते ५०·९ असते, तर पेटी आपोआप उतार चढू लागली असती! आता पेटीला हलकासा धक्का देऊन खाली सरकविली, तर घर्षण ३३·९ न्यूटनवर उतरते, १५·१ न्यूटन प्रेरणा शिल्लक राहते व पेटी १·५१ मी./से.² प्रवेगाने खाली येऊ लागते. जागी घट्ट बसलेली वस्तू एकदा हलली की थांबत नाही, हा नित्याचा अनुभव यातूनच येतो.

हीच पेटी खालून ४ मी./से. वेगाने वर सरकवून सोडली, तर काय होईल? हात सुटल्यावर पेटीला स्पर्श करणारी फळी तेवढी उरते. तेव्हा पेटीवर वजन, लंब प्रतिक्रिया व घर्षण याच तीन प्रेरणा आहेत. उताराच्या वरच्या दिशेने एकही प्रेरणा नाही. गती वरच्या दिशेने आहे म्हणून घर्षण आता खालच्या दिशेने कार्य करते व वजनाच्या घटकात मिळून एकूण ८२·९ न्यूटन होते. पेटीचा वेग दर सेकंदास ८·२९ मी./से. ने घटतो आणि ती सु. ९७ सेंमी. चढून थांबते. थांबताक्षणी घर्षणाची दिशा उलटते, ते वरच्या बाजूस ४९ न्यूटन होते व पेटी तेथेच राहते. एकाच पेटीवर एकाच फळीवर घर्षण कधी वर, कधी खाली, कधी ३३·९ तर कधी ४९ न्यूटन असते. त्याची दिशा ‘गतीच्या विरुद्ध’ असे म्हणण्यापेक्षा ‘एकमेकांवर सरकण्याच्या किंवा सरकू पाहण्याच्या विरुद्ध’ असे म्हणणे अधिक बरोबर आहे.

वर फेकलेल्या वस्तूबरोबर हाताचा जोर काही काळ टिकून राहतो व तो संपला की वस्तू थांबते, ही कल्पना मध्ययुगीन यूरोपातील विद्वानांनाही मान्य होती. आजही विद्यार्थ्यांच्या आकृत्यांत वर जाणाऱ्या पेटीवर ‘गतीची प्रेरणा’ म्हणून एक बाण हटकून आढळतो. वर दिलेली कसोटी लावली की तो टिकत नाही. कारण ती प्रेरणा कोण लावतो याला उत्तर नाही. वस्तू वर जात राहते ती तिच्या निरूढीमुळे, आणि निरूढी ही प्रेरणा नव्हे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आकृतीत वजन दाखवून शिवाय भ × ज्या क व भ × कोज्या क हे घटकही स्वतंत्र प्रेरणा म्हणून दाखविणे. असे केल्याने एकच वजन दोनदा मोजले जाते. लंब प्रतिक्रिया ही वजनाची ‘प्रतिक्रिया’ आहे हा समजही त्या नावामुळेच पसरला असावा. त्या दृष्टीने हे नाव फारसे समर्पक नाही. न्यूटन यांच्या तिसऱ्या नियमातील क्रिया व प्रतिक्रिया या नेहमी दोन निरनिराळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पेटीला ओढते याची जोडी म्हणजे पेटी पृथ्वीला ओढते ही. फळी पेटीला ढकलते याची जोडी पेटी फळीला ढकलते ही. उतरणीवर वजन व लंब प्रतिक्रिया यांच्या दिशा एका रेषेत नसतात व मूल्येही समान नसतात, यावरून त्या परस्परांच्या जोडीदार नव्हेत हे उघड होते. आडव्या टेबलावर मात्र दोन्ही योगायोगाने समान व विरुद्ध येतात आणि गैरसमज दृढ होतो.

विश्रांति कोन : फळी हळूहळू उचलीत गेल्यास एका ठराविक कोनाला पेटी घसरू लागते. त्या क्षणी वजनाचा उताराच्या दिशेतील घटक व कमाल घर्षण समान असतात. भ दोन्हीकडून निघून जातो आणि कोनाची स्पर्शज्या (उंची भागिले पाया) घर्षण गुणांकाएवढी येते. वर घेतलेल्या ०·६ या गुणांकासाठी हा कोन सु. ३१° आहे. वस्तू जड आहे की हलकी याचा त्यात संबंध नाही. रिकामी व भरलेली पेटी एकाच कोनाला घसरतात. घर्षण गुणांक मोजण्याची ही सर्वांत सोपी पद्धत असून तिला फळी व कोनमापक याखेरीज काही लागत नाही. वाळू, धान्य, खडी यांची रास ओतत गेल्यास तिच्या बाजूंचा उतार एका कोनापलीकडे वाढत नाही, त्याचेही कारण हेच. कोरड्या वाळूच्या बाबतीत हा कोन साधारण ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान असतो.

घसरणे आणि कलंडणे : आतापर्यंत पेटी एक बिंदू असल्याप्रमाणे विचार केला. प्रत्यक्षात लंब प्रतिक्रिया तळभर पसरलेली असते आणि उतरणीवर तिचा परिणामी बिंदू तळाच्या मध्यावर न राहता खालच्या कडेकडे सरकतो. वजनाची उभी रेषा तळाला जेथे छेदते तेथेच तो असावा लागतो, अन्यथा पेटीवर परिबल शिल्लक राहून ती फिरू लागेल. उतार वाढत जाऊन ही रेषा खालच्या कडेबाहेर गेली की लंब प्रतिक्रियेला तिच्यामागे जाता येत नाही व पेटी कलंडते. ३० सेंमी. रुंद व ६० सेंमी. उंच अशी एकसारख्या घनतेची पेटी सु. २६·६° ला कलंडते. गुणांक ०·६ असल्यास घसरण्याचा कोन ३१° असल्याने ही पेटी घसरण्याची पाळी येण्यापूर्वीच पडते. गवताने किंवा कापसाने उंच भरलेली गाडी आडव्या उतारावर धोक्याची ठरते ती यामुळेच. तिचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, चाकांमधील अंतर मात्र तेवढेच राहते.

गडगडणाऱ्या वस्तू : गोल वस्तू न घसरता गडगडत उतरते तेव्हाही घर्षण असते, पण ते स्थितिक घर्षण असते, कारण स्पर्शबिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. हे घर्षण उताराच्या वरच्या बाजूस असून तेच वस्तूला फिरविते. ते नसेल, तर चेंडू न फिरता नुसता घसरत येईल. भरीव गोलासाठी घर्षणाचे मूल्य वजनाच्या उताराकडील घटकाच्या २/७, भरीव दंडगोलासाठी १/३ व पातळ कड्यासाठी १/२ असते. म्हणून एकाच उतरणीवरून एकाच वेळी सोडल्यास गोल सर्वांत आधी, दंडगोल त्यानंतर व कडे सर्वांत शेवटी पोहोचते. वस्तुमान व त्रिज्या कितीही असल्या, तरी हा क्रम बदलत नाही.

इतिहास : उतरणीवर वस्तू तोलून धरण्यास किती प्रेरणा लागते याचे उत्तर प्राचीन ग्रीकांना सापडले नव्हते. चौथ्या शतकातील पॅपस यांनी दिलेले उत्तर चुकीचे होते. कारण आडव्या पृष्ठावर वस्तू हलविण्यास ठराविक प्रेरणा लागतेच, असे त्यांनी गृहीत धरले होते. तेराव्या शतकात जॉर्डेनस यांच्या परंपरेतील लॅटिन ग्रंथात बरोबर उत्तर येते. त्याची सर्वांत चित्तवेधक सिद्धता मात्र सीमॉन स्टेव्हीन या फ्लेमिश अभियंत्याने १५८६ मध्ये डच भाषेत प्रसिद्ध केलेल्या वजनविद्येवरील ग्रंथात दिली. एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब असलेल्या त्रिकोणी ठोकळ्यावर समान अंतरावर १४ सारखे गोळे ओवलेली माळ टाकली आहे, अशी त्याने कल्पना केली. लांब बाजूवर चार, आखूड बाजूवर दोन व खाली लोंबणारे आठ. माळ आपोआप एका बाजूस सरकू लागली, तर प्रत्येक गोळ्याची जागा पुढचा गोळा घेईल व ती अखंड फिरत राहील. हे अशक्य आहे, म्हणून ती स्थिर राहिलीच पाहिजे. खालचे आठ गोळे दोन्हीकडे सारखेच ओढतात, ते काढून टाकले तरी फरक पडत नाही. तेव्हा लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोन गोळ्यांना तोलतात. म्हणजेच वस्तू धरून ठेवण्यास लागणारी प्रेरणा उताराच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. कोणतेही मापन न करता केवळ ‘शाश्वत गती नाही’ एवढ्या एका गृहीतावर उभारलेला हा युक्तिवाद स्टेव्हीनला इतका प्रिय होता की, ही आकृती त्याने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापली.

गॅलिलीओ यांनी उतरणीचा उपयोग निराळ्या हेतूने केला. सरळ खाली पडणारी वस्तू इतक्या जलद जाते की, त्यांच्या काळच्या साधनांनी तिचा काळ मोजणे शक्य नव्हते. उतरणीवर वजनाचा अल्पसा भागच गती देतो, त्यामुळे पतन जणू मंदावते. २° च्या उतारावर भरीव गोळ्यास ६ मी. अंतर गडगडत जाण्यास सु. ७ सेकंद लागतात. तेवढ्याच उंचीवरून सरळ पडणाऱ्या वस्तूस सव्वा सेकंदही लागत नाही. बारा हात लांबीच्या तुळईत खोबण कोरून, तिला चर्मपत्राचे अस्तर लावून, कांस्याचा गोळा सोडून व भांड्यातून वाहिलेल्या पाण्याचे वजन करून काळ मोजल्याचे वर्णन त्यांच्या १६३८ च्या ग्रंथात आहे. कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी त्यावरून दाखविले. गोळा फिरत असल्याने त्याचा प्रवेग घसरणाऱ्या वस्तूपेक्षा कमी असतो हे त्या काळी ज्ञात नव्हते. सुदैवाने ही घट सर्वत्र एकाच प्रमाणात असते, त्यामुळे त्यांच्या निष्कर्षास बाध आला नाही.

ओझे चढविणे : १·२ मी. उंचीच्या ट्रकमध्ये १०० किग्रॅ.चे पिंप सरळ उचलण्यास ९८० न्यूटन प्रेरणा लागते, ४·८ मी. लांबीच्या फळीवरून ते गडगडत नेल्यास त्याच्या चौथाई, म्हणजे २४५ न्यूटन पुरते. एका दोराचे टोक ट्रकला बांधून, दोर पिंपाखालून घेऊन दुसरे टोक वरून ओढल्यास त्याच्याही निम्म्या प्रेरणेत काम होते. कारण पिंप दोराच्या दोन पदरांवर तोलले जाते. प्रेरणा वाचते तेवढे अंतर वाढते, कार्यात बचत होत नाही. पेटीसारखी न गडगडणारी वस्तू ओढताना दोर फळीला समांतर न ठेवता थोडा वर कलता धरणे फायद्याचे असते. तसे केल्याने लंब प्रतिक्रिया व पर्यायाने घर्षण कमी होते. आडव्या दिशेने ढकलल्यास याच्या उलट घडते. जोराचा काही भाग पेटी फळीत दाबण्यात जातो व घर्षण वाढते.

घाटातील आगगाडी : पोलादी रुळावर पोलादी चाकाचा गडगडण्यास होणारा विरोध फारच अल्प असतो. सपाटीवर १,००० टनांची गाडी चालती ठेवण्यास दोनतीन टन वजनाएवढी ओढ पुरते. बोर घाटातील रेल्वेमार्गाचा (१८६३) कमाल चढ ३७ स १ आहे. मोटारीच्या रस्त्याच्या मानाने तो किरकोळ वाटतो, तथापि त्यावर त्याच गाडीच्या वजनाचा उताराकडील घटक २७ टन वजनाएवढा होतो, म्हणजे ओढ सपाटीच्या दसपट लागते. म्हणून कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा एंजिने लावण्याची पद्धत पडली. मागून ढकलल्याने डब्यांच्या जोडण्यांवरील ताणही कमी होतो.

येथे गाडीला वर नेणारी बाह्य प्रेरणा कोणती? एंजिन स्वतःला ढकलू शकत नाही. त्याची चाके रुळाला मागे रेटतात व रूळ घर्षणाने चाकांना पुढे रेटतो. हे घर्षण एंजिनाच्या वजनाच्या साधारण पाव हिश्श्यापलीकडे जाऊ शकत नाही, आणि रूळ ओले असल्यास त्याहूनही कमी असते. पाव हिस्सा धरल्यास ३७ स १ च्या चढावर एंजिन स्वतःसह आपल्या वजनाच्या सु. नऊपट गाडी नेऊ शकेल. १२ स १ च्या चढावर केवळ तिप्पट. निलगिरी पर्वतीय रेल्वेच्या मेट्टुपाळयम्–कुन्नूर भागात चढ जवळजवळ एवढाच असल्याने तेथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसविली आहे व एंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकून चालते. घर्षणाची मर्यादा तेथे राहत नाही. उताराने येणाऱ्या गाडीत तेच घर्षण ब्रेकच्या द्वारे गाडीला आवरते. ते अपुरे पडल्यास काहीच गाडीला धरत नाही. यासाठी बोर घाटात सुटलेली गाडी वळवून घेण्यास चढत्या फाट्याची योजना केलेली आहे. तेथे वजनाचाच घटक गाडीच्या विरुद्ध कार्य करून तिला थांबवितो.

डोंगरउतारावरील माती : खडकावर सर्वत्र सारख्या जाडीचा मातीचा थर आहे, असे मानल्यास त्याचा कोणताही तुकडा नतप्रतलावरील पेटीप्रमाणेच वागतो. वजनाचा एक घटक त्याला खाली ओढतो, दुसरा खडकावर दाबतो आणि घर्षण त्याला धरून ठेवते. कोरड्या, सुट्या मातीचा उतार तिच्या घर्षण कोनापेक्षा कमी असेपर्यंत स्थिर राहतो. चिकटपणा व झाडांची मुळे यांच्यामुळे त्याहून तीव्र उतारही टिकतात.

पावसाने माती जड होते म्हणून दरड कोसळते, असे सामान्यतः म्हटले जाते. केवळ वजन वाढल्याने कोन बदलत नाही हे वर दिसून आलेच आहे. घसरविणारा घटक वाढतो त्याच प्रमाणात घर्षणही वाढते. मातीत पाणी भरल्यावर एक नवी प्रेरणा उपस्थित होते, हे खरे कारण होय. कणांमधील पोकळ्यांत साठलेल्या पाण्याचा दाब थराला खडकापासून वर उचलू पाहतो. वजनाचा जो घटक दाबत होता, त्यातील मोठा भाग पाणीच पेलते व कणाकणांतील प्रत्यक्ष दाब तेवढा घटतो. घर्षण या उरलेल्या दाबाच्याच प्रमाणात असते. खाली ओढणारा घटक मात्र कायम राहतो. कार्ल टेर्झाघी यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मांडलेले परिणामी दाबाचे तत्त्व ते हेच. पाण्याने भिजून पूर्ण भरलेल्या मातीची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट असते. पाणी पृष्ठभागापर्यंत चढून उताराला समांतर वाहत असल्यास कणांमधील दाब जवळजवळ निम्मा होतो. परिणामी कोरडेपणी ३२° पर्यंत स्थिर राहू शकणारा सुट्या मातीचा उतार अशा स्थितीत १७° लाच घसरण्याच्या बेतात येतो.

सह्याद्रीच्या उतारावरील गावांना या आकड्यांचा अर्थ अनुभवाने कळलेला आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव मुसळधार पावसात दरडीखाली गाडले जाऊन सु. १५० माणसे मृत्युमुखी पडली. रायगड जिल्ह्यात जुलै २०२१ मध्ये तळिये व जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथेही तसेच घडले. प्रत्यक्ष डोंगराचा थर सारख्या जाडीचा नसतो, खडकातील भेगा व झिजलेल्या खडकाचे पट्टे यांनी चित्र गुंतागुंतीचे होते, आणि कोणत्याही एका दरडीचे कारण केवळ एका सूत्रातून निघत नाही. तथापि उपाय याच तीन प्रेरणांच्या विचाराने योजले जातात. उताराच्या माथ्याशी आडवे चर खणून पाणी बाहेर काढले की कणांमधील दाब व घर्षण टिकून राहते. पायथ्याशी भिंत घातली की उताराच्या वरच्या दिशेने एक नवी स्पर्शप्रेरणा मिळते. मात्र पाणी निघून जाण्यास त्या भिंतीत भोके ठेवावी लागतात, नाहीतर भिंतीमागे साठलेले पाणी तिलाच ढकलू लागते. घर बांधण्यास सपाट जागा मिळावी म्हणून उताराचा पायथा कापल्यास मात्र थराला खालून आधार देणारी मातीच निघून जाते. असा कापलेला उतार उन्हाळाभर उभा राहतो व पोकळ्यांत पाणी भरले की खाली येतो.